भाड्याच्या खोलीचा पहिला पाव्हणा

नव्या जालन्यात स्टेशनाजवळ आमच्या शेजारी एक काका राहत. जगातल्या कुठल्याही बिघाडाला ते 'बराबर' म्हणायचे. निजामी नुकतीच गेली होती. कापसाच्या मोसमात बाहेरगावचे व्यापारी गावात उतरू लागले, तेव्हा त्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं द्यायला काकांनी सरपणाची खोली रिकामी केली.

खोलीचं दार लागेना.

"बराबर. हवा खेळती राह्यती."

बाजेचा एक पाय आखूड निघाला.

"बराबर. पाव्हणा जास्त दिस टिकत न्हाई."

काकूंना काही विचारायची काकांची रीत नव्हती. भिंती सारवायच्या आणि ढेकणांवर रॉकेल ओतायचं, ते मात्र काकूंनीच.

सगळं झाल्यावर एका दुपारी काका कोट-टोपी घालून, काखेत वळकटी मारून निघाले. "गिऱ्हाईकाच्या नजरेनं एकदा बघून घेतो," मला म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्याच घराची कडी वाजवली.

"बाई, खोली मिळल का?"

काकूंनी त्यांना टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं.

"खोली हाय. पन मालक घरी न्हाईत."

"अगं, मी..."

"आमच्या घरात मालकाला इचारल्याबिगर काडी हलत न्हाई, पाव्हणे. ते येऊ द्या, मंग बघू."

काकूंनी कडी लावून घेतली. घराचं दार मात्र अगदी बराबर लागलं.

दिवेलागणीपर्यंत काका ओट्यावर, वळकटीवर बसून मालकाची वाट बघत होते.