सात डबे दगड

बोरिवली पूर्वेच्या आमच्या बैठ्या चाळीत एकेकाळी अशी बातमी होती, की शेवटच्या खोलीतल्या गुणाजी परबाला डोंगरात सोनं सापडलंय आणि ते त्याने बिस्किटांच्या सात पत्र्याच्या डब्यांत भरून खाटेखाली दडवलंय. बातमी साफ खोटी. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती नळावर मीच सोडली होती. डब्यांत दगड होते. बोटाच्या पेराएवढे, काही नखाएवढे.

गुणाजी मालवणकडचा. बावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, कापड विणलं. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, महिन्याभराचा खेळ आहे. मे महिन्यात त्याची बायको सुगंधावहिनी दोन्ही मुलींना घेऊन गावाला गेली, संप मिटला की येते म्हणाली. संप मिटलाच नाही, नुसता विरून गेला. मुली तिकडच्या शाळेत रमल्या, वहिनीने परसात भाजी लावली, आणि गुणाजी इथे एकटा उरला. गावाला जाऊन काय करू, म्हणायचा. साच्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं त्याला. आणि साचा तर आता इथेही नव्हता.

शेवटी डोंगराच्या पायथ्याशी वॉचमनची नोकरी मिळाली, सकाळी सहा ते दुपारी दोन. एक टेकडी कापून तिथे इमारती उठायच्या होत्या. राखायचं काय, तर खडीचे ढीग. दोन वाजता घरी यायचा, भात टाकायचा, एक ताट, एक पेला, एक वाटी धुऊन पालथी घालायचा आणि संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसायचा. मी जाता-येता टोचायचो, "काय रे गुणाजी, टेकडी आहे ना जाग्यावर? का नेली कुणी?" तो म्हणायचा, आहे. तेवढंच. कधीकधी दिवसभरात त्याने उच्चारलेला तेवढाच एक शब्द असावा.

त्र्याऐंशीच्या थंडीत मी त्याला पार्ल्याला व्याख्यानाला नेलं. खरं सांगायचं तर फसवून नेलं. शेवटी मसाला दूध आहे, अशी थाप मारली. व्याख्यान होतं शेतीआधीच्या माणसावर आणि बोलणाऱ्या होत्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या पद्मजाबाई. मला लगेच डुलकी लागली. जागा झालो तेव्हा पडद्यावर दगडाच्या बारक्या पात्यांचं चित्र होतं, आणि बाई सांगत होत्या, की अशी पाती लाकडाच्या खाचेत ओळीने डिंकाने बसवायचे आणि त्याने कापायचे, सोलायचे. मुंबईच्या या डोंगरांत, खाडीकाठी अशी माणसं हजारो वर्षं राहून गेली.

शेजारची खुर्ची रिकामी. बघतो तर आमचा गुणाजी पुढे स्टेजपाशी उभा. शर्टाच्या खिशातून त्याने एक दगडाची कपची काढून बाईंच्या हातात ठेवली. टेकडीवर सापडली, बिडीच्या बंडलाचा दोरा हिनेच कापतो, असं सांगितलं. मग म्हणाला, ओळीने बसवायचं म्हणजे फणीसारखं ना? साच्याच्या फणीत एक दात मोडला तर तेवढाच बदलायचा, अख्खी फणी टाकायची नाही. बाईंनी चष्मा वर केला. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना जे समजावताना घाम फुटतो, ते या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितलं, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

मसाला दूध नव्हतंच. गुणाजीने विचारलंही नाही.

त्या दिवशी बाईंनी त्याला एक गोष्ट बजावून सांगितली. दगड कुठे सापडला हे ठाऊक नसेल तर तो मुका. प्रत्येकावर आकडा घाला आणि तो कुठला, किती खोलीवरचा, ते वहीत लिहा. झालं. गुणाजीला काम मिळालं. टेकडी रोज कापली जात होती, आणि गुणाजी रोज दुपारी दोन वाजता, ड्यूटी संपल्यावर, कापलेल्या कड्याखाली उकिडवा बसून वेचत होता. पिंपळापासून चाळीस पावलं, लाल मातीच्या खाली वीतभर, असं वहीत. घरी आल्यावर दौतीत सुई बुडवून नखाएवढ्या दगडावर तिळाएवढा आकडा. मी चाळीत पसरवलं, की गुणाजी दगडांना टाके घालतो.

पण बोलू लागला तो. संध्याकाळी मी उंबऱ्यावर टेकलो की ऐकवायचा. बाई पत्रातून काय काय कळवायच्या. एकदा म्हणाला, माणसाने धान्य पेरलं, मग ते साठवायला कोठार आलं, मग कोठाराभोवती भिंत, मग विटांची घरं, गटारं, अख्खी शहरं. यातला पहिला पगारी माणूस वॉचमनच असणार, नाहीतर कोठार राहिलं असतं काय? मला हसू आलं, पण तो गंभीर होता. त्याला शहरांचं कौतुक नव्हतं. त्याला आवडायची ती त्याआधीची, डोंगरातली चार टाळकी.

दुसऱ्या एका संध्याकाळी त्याने मला एक जरा मोठा दगड दाखवला, कातडं खरवडायचा. माझ्या उजव्या हातात तो नीट बसेना. गुणाजीने डाव्या हातात घेतला तर अंगठा खाचेत अलगद जाऊन बसला. गुणाजी डावरा. गिरणीत त्यावरून जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या खाल्लेल्या. म्हणाला, गेल्या दोन वर्षांत इथे माझ्यासारखा हा एकच भेटला.

पंच्याऐंशीच्या दिवाळीपर्यंत टेकडी संपली. तिथे सपाट मैदान आणि लोखंडी सळ्या. ती माणसं इथे होती याचा पुरावा म्हणजे आता गुणाजीचे सात डबे आणि एक वही. बाईंनी कळवलं, की त्या येऊन सगळं बघतील, आणि आकडे नि वही जुळली तर या जागेवर गुणाजीच्या नावानिशी लेख लिहितील. हे पत्र त्याने मला तीनदा वाचायला दिलं. वहिनीलाही गावाला कळवलं. गिरणी गेली तेव्हापासून त्याच्या नावाने कुठे काही लागणार होतं, असं हे पहिलंच.

बाई येणार रविवारी चार वाजता. गुणाजीची ड्यूटी दोनपर्यंत, नि त्या दिवशी बदलीचा माणूस उशिरा येणार होता. किल्ली माझ्याकडे. एवढी शिकलेली बाई चाळीत येणार, आणि खोली बघावी तर वर्षभर केरसुणी न लागलेली. माझी बायको वनमाला आणि शेजारची शेवंती कंबर कसून आत शिरल्या. जळमटं काढली, लादी पुसली, खाटेवर आमची नवी चादर घातली. मग खाटेखालचे डबे दिसले. पाहुणीला दाखवायची वस्तू, आणि ती अशी मातकट?

नळावर नेऊन त्यांनी सातही डबे परातीत उपडे केले आणि राख नि नारळाची शेंडी घेऊन दगड घासले, सणाची भांडी घासावी तसे. पाणी मी ओतत होतो. निळसर पाणी गटारात गेलं. मी म्हटलंदेखील, "आदिमानव निळीत धुवायचा वाटतं कपडे." दोघी पोट धरून हसल्या. शेवंती म्हणाली, डाग चिवट आहेत मेले, दोनदा घासावे लागतायत. मग परातीत त्यांनी दगडांची नक्षी मांडली. मधोमध पांढरे, भोवती तांबडे, कडेने काळे. हळदीकुंकवाला ठेवावी अशी परात दिसत होती.

गुणाजी साडेतीनला आला. परातीकडे बघितलं. एक दगड उचलून उजेडात धरला, दुसरा उचलला, तिसरा. मग सगळे हलक्या हाताने उलटेपालटे करून पाहिले आणि खाली बसला. वनमाला कौतुकाची वाट बघत दारात उभी होती. तो तिला म्हणाला, छान केलंत वहिनी, लय मेहनत घेतलीत. तेव्हा मला गटारातलं निळं पाणी आठवलं.

बाई वेळेवर आल्या. त्यांना सांगावं लागलं नाही. परात पाहिली, वही पाहिली, आणि बराच वेळ एकेक दगड बघत राहिल्या. हत्यारं अस्सल आहेत, त्यात शंका नाही, म्हणाल्या. पण वहीत तीनशे बारा जागा आणि परातीत तीनशे बारा दगड, कुठला कुठला हे आता कसं जुळवायचं? मग त्यांनीच वाट काढली. तुम्हाला आठवतील तेवढे साधारण सांगा, मी लिहून घेते, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे.

मी मनात म्हटलं, सांग रे बाबा, ठोकून दे. कोण बघायला येतंय? टेकडी तर गेली.

गुणाजीने डावऱ्याचा दगड उचलला. पिंपळापासून, म्हणाला, आणि थांबला. परत सुरुवात केली, परत थांबला. मग दगड जागच्या जागी ठेवून म्हणाला, नको बाई. मला वाटतं ते मी सांगीन, आणि तुम्ही ते छापाल. ती माणसं जिथे बसलीच नाहीत तिथे त्यांना बसवायचं, हे बरं नाही.

बाई उठल्या. पायात चपला घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, "आकड्यांवर बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवा, म्हणजे पुसणार नाहीत, असं मी लिहिलं होतं ना तुम्हाला?"

"लिहिला होतात," गुणाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

मी बाईंना नाक्यापर्यंत सोडून आलो तर तो खोलीत तसाच बसलेला, परातीसमोर. वनमाला आमच्या घरात डोळे पुसत होती. मला स्वतःचा राग आला होता आणि तो मी त्याच्यावर काढला. म्हटलं, अरे, नेलपॉलिशची बाटली वनमालेच्या कपाटात पडून होती. एक शब्द बोलला असतास तर घरात मिळाली असती. दुकानात जायची लाज वाटली, समजू शकतो. पण मला का नाही सांगितलंस?

गुणाजी म्हणाला, "तुका सांगितला असता, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या चाळीत झाला असता, गुणाजीन बाई ठेवल्यान."