बाबांचे शेरे

घरात आजवर बोललो नाही, पण बाबांच्या कंप्यूटरमध्ये व्हायरस कधीच नव्हता.

बाबा जबलपूरच्या मराठी घरांतली लग्नं जमवायचे. कंप्यूटरमध्ये मुलामुलींची यादी आणि प्रत्येकासमोर बाबांचा शेरा: 'पगार खरा, केस खोटे.' 'मुलगा सोनं, आई फटाका.' मशीन फार हळू झालं, तेव्हा मी ते कमानिया गेटजवळच्या दुकानात नेलं.

"भैया, पुराने के ऊपर ही नया सिस्टम चढ़ा दूँ, या सब साफ करके डालूँ? साफ में फाइलें जाएँगी," दुकानदार म्हणाला.

वर चढवलं तर मशीन उद्या मिळणार होतं, आणि मला दुसरी चक्कर नको होती. "साफ करो. पिताजी के भजन-वजन होंगे."

घरी बाबा म्हणाले, "यादी काहून दिसून नाही राहिली?"

"व्हायरस," मी म्हणालो. आठवडाभर त्यांनी व्हायरसच्या सात पिढ्या उद्धरल्या.

लोकांनी माहिती पुन्हा आणून दिली. शेरे मात्र बाबांना आठवेनात. त्या कोऱ्या यादीतूनच माझ्या मुलीचं लग्न जमलं. जावई सोनं आहे.

परवा मुलगी माहेरी आली. "आजोबा, माझ्या सासूबाईंचं तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"लिहून ठेवलं होतं बेटा. व्हायरसनं खाल्लं."

दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या. मीही सवयीनं मान हलवली.

आता हे छापून आलं की बाबा चष्मा लावून वाचतील, आणि माझ्या नावापुढे शेरा लिहितील.