बेबीचा दात अन् गोदामायच्या वड्या

काय सांगू बापा तुमाले! माणसानं अक्कल पाजळावी, पण आधी आपल्या घराचं छप्पर कशाचं आहे ते तरी पाहावं. मी नाई पाह्यलं. त्याच्यापायी गल्लीत माही जी शोभा झाली, ती आज पहिल्यांदा आपल्या तोंडानं सांगून राहिलो.

छप्पन साली आमी धम्म घेतला. तवापासून माह्या घरात लिंबू-मिरची बंद, अंगारा बंद, दृष्ट काढणं बंद. मी दुसरी शिकलेला, अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलणारा माणूस. पण तोंड असं का, कोणी काही जुनं करताना दिसलं की मी सुरू! गल्लीतल्या बाया मले पाहून दार लोटून घेत.

दोन वर्सांनी आमच्या बेबीचा समोरचा दात पडला. आता पडलेल्या दाताचं काय करतात, तुमाले माहीतच आहे. शेणाच्या गोळीत घालायचा, छपराच्या कवेलूवर फेकायचा अन् म्हणायचं, ‘उंदीरमामा, माहा दात घे, तुहा दात दे!’ शेवंता, म्हणजे आमची मंडळी, शेण घेऊन उभीच होती.

“ठेव ते खाली!” मी खेकसलो. “उंदरानं काय दाताचं दुकान टाकलं का?”

“अवो, लेकराची हौस असते.”

“हौस नाई, अडानीपना हाय!”

दात काडीपेटीत गेला. माह्या तत्त्वाचा विजय झाला!

पण दोन महिने झाले तरी नवा दात येईना. शाळेतल्या पोरी बेबीले ‘बोळकी, बोळकी’ करत. एक दिवस तिनं पाटी कोपऱ्यात टाकली.

“मी नाई जात शाळेत. दात येईन तवा जाईन.”

“येईन ना माय, सगळ्यायचे येतात.”

“सगळ्यायचे उंदरानं देल्ले. माहा तुमी देऊ देल्ला नाई.”

घ्या! सात वर्सांची पोरगी! शेवंतानं समजावलं, मी डोळे वटारले, बिस्कुटं आणली. आठ दिवस झाले, पोरगी हलायले तयार नाई. आता मी काही हौसेनं दुसरीत शाळा सोडली नव्हती. चार दिवसांसाठी म्हणून सुटली होती, ते सुटलीच. बेबीचं बी तसंच झालं त?

शेवटी एका दुपारी शेवंता नळावर गेली पाहून मी काडीपेटी काढली, शेणाची गोळी वळली अन् बेबीले आंगणात उभं केलं.

“म्हन लवकर. अन् आईले सांगशीन त याद राख!”

पोरीनं हात जोडून म्हणलं. मी दात फेकला.

धडाम!

धडाम कावून? अहो, माकडांच्या जाचानं गेल्याच साली मी कवेलू उतरवून टिनं टाकली होती! गोळी टिनावर आपटली, टणाटण उड्या मारत पलीकडं गेली अन् शेजारच्या गोदामायच्या आंगणात पडली. तिथं खाटेवर मुंगवड्या वाळत होत्या. भरली खाट!

“बसला का छपरावर?” बेबीनं विचारलं.

“बसला.”

“मंग उद्या जातो मी शाळेत.”

आता अशा पोरीले खरं सांगता का तुमी? मी कुंपणावरून उडी मारली अन् एकेक वडी उचलून हुंगायले लागलो. तेवढ्यात म्हातारी बाहेर आली.

“काय करून राहिला रे?”

“वास घेऊन राहिलो, माय.”

“वड्यायचा?” तिनं मले खालून वरपर्यंत पाह्यलं. “शेवंता जेवाले देत नाई का तुले?”

आता ‘देते’ म्हणावं का नाई? पण चोर ठरण्यापरीस उपाशी बरा, असं वाटून मी म्हणलो, “देते… कदीकदी.”

झालं! सांजेपर्यंत गल्लीत बोभाटा. शेवंता नळावरून आली ते फणफणतच.

“उपाशी मारतो म्हने मी तुमाले! घ्या, खा!” अन् ताटात आठ भाकरी आदळल्या. ते दोन दिवस रोज आठ! बोलणं बंद. बेबी मात्र शाळेत जाऊ लागली, म्हणून मी तोंड उघडलं नाई.

तिसऱ्या दिवशी गोदामाय वड्यांची भाजी घेऊन दारात. सोबत चार बाया, माहे हाल पाहायले.

“खाय बापा. माह्यासमोर खाय पोटभर.”

समोर म्हातारी, मागं फुगलेली शेवंता, बाजूले पाटी घेऊन बेबी. गोळी तर मले सापडलीच नव्हती, पण नाई म्हणू कसा? डोळे मिटले. एक वडी गेली. दुसरी गेली. तिसरीले कडक्! दाताखाली टणक लागलं.

“खाऊ नका कोनी!” मी हातावर थुंकतच उठलो. “शेन हाय त्याच्यात! बेबीचा दात हाय! मीच फेकला उंदरासाठी!”

शेवंतानं माह्या तळहातावरची चीज उचलली.

“हा बेबीचा? एवढा मोठा? तंबाखूनं काळा?”

मी तोंडात जीभ फिरवली. समोर भगदाड! वडीत खडा होता, अन् दात माहाच होता!

गोदामाय हसता हसता खालीच बसली. “अरे येड्या, शेन अन् वडी मले समजत नाई का? तू गेल्यावर खाटेखाली गोळी दिसली, ते उचलली अन् माह्या कवेलूवर फेकली. म्हनलं, शेवंतानंच टाकली असन. तुले समजलं त तिच्यावर खेकसशीन, म्हनून गप बसली.”

“मंग माहा येईन ना, माय?” बेबीनं विचारलं.

“येईन, बाई.”

कार्टी धावत गेली अन् मूठभर शेण घेऊन आली. “बाबा, तुमचा बी फेकू. म्हना.”

शेवंता दोन दिवसांनी पहिल्यांदा हसून बोलली, “म्हना ना! का पोरीनं पाटी टाकायची पुन्हा?”

म्हणलो. पाच बायांसमोर, हात जोडून, फुसफुस वारा जाणाऱ्या तोंडानं. एकीनं तर ‘ऐकू नाई आलं’ म्हणून पुन्हा म्हणायले लावलं.

बेबीचा दात पंधरा दिवसांत आला. शाळा पुरी झाली, पुढं ती मास्तरीणही झाली.

माहा दात यायचा आहे अजून.