निंबा मास्तर आणि मकाऊचा रंग

सुरतेच्या पांडेसऱ्यात खानदेशी लोकांच्या गल्लीत नव्या साडीचा रंग टिकेल की जाईल, यावर बायांची जुंपली की वाद निंबा मास्तरांच्या ओट्यावर यायचा. मास्तर साडीचा कोपरा ओला करत, पांढऱ्या रुमालात धरून अंगठ्याने रगडत आणि निकाल देत. "कच्चा" म्हणाले की बाई दुकानदाराशी भांडायला निघालीच म्हणून समजा. अर्धं आयुष्य साड्यांच्या मिलमध्ये रंग कालवण्यात गेलेलं, म्हणून मास्तर. शिक्षण बेताचं, घर भाड्याचं, तब्येत किरकोळ. पण माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच, आणि मास्तरांकडे ही रंगाची नजर होती.

ती नजर न मानणारी बाई अख्ख्या सुरतेत एकच, आणि ती नेमकी त्यांची विहीण निघावी! मास्तरांची उज्ज्वला प्रमिलाबाईंच्या प्रवीणला दिलेली. घरं एका हाकेवर, त्यामुळे दोघांना भांडायला कधी सवड काढावी लागली नाही. "व्याह्यांना रंग दिसतो, बाकी काही दिसत नाही," असं प्रमिलाबाई चारचौघींत म्हणत. मास्तरांच्या कानावर ते जाईल अशा बेताने म्हणत.

तर दोघांची लाडकी नात चंचल. तिचा वाढदिवस आला. कडोदऱ्याच्या रस्त्याला एक बाग निघाली होती. तिथे परदेशी जनावरं जवळून बघायला आणि हातातही घ्यायला मिळायची. चंचलने बापाच्या मोबाईलवर त्या बागेतला निळा-पिवळा मकाऊ पोपट पाहिला, कुणाच्याशा हातावर ऐटीत बसलेला. तेव्हापासून पोरीला ना फ्रॉक हवा होता, ना केक. जेवतानासुद्धा डावा हात आडवा धरून बसायची. का, तर पक्षी बसला की हात हलायला नको.

मास्तर पहिली पाळी उरकून, हातपाय धुऊन, थेट मिलमधूनच रिक्षात चढले.

बागेत सुरुवात इग्वाना नावाच्या थोराड सरड्यापासून झाली. तो एवढा निवांत पडला होता, की प्रवीणने दोनदा विचारलं, जिवंत आहे ना? पुढे अजगर. प्रमिलाबाईंनी चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि राखणदार बन्सीलालला विचारलं, "याले दूध देतस ना रे?"

"माँजी, ये चूहा खाता है."

"देव शे, काही बी खाई," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि चपला घालून पुढे झाल्या.

मग आला मकाऊ. चंचलने हात आडवा केला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. बन्सीलाल तिच्या हाताला जाड कापड गुंडाळायला लागला. इकडे मास्तरांचे डोळे बारीक झाले. मागे भेस्तानच्या बाजारात कोंबडीची गुलाबी-हिरवी पिल्लं विकायला यायची, त्यांचा रंग मास्तरांनीच पाण्यात बुडवून उघडा पाडला होता. हा तर त्याहून भडक.

"हाऊ रंग मारेल शे," मास्तर म्हणाले.

"व्याहीबुवा, आज तरी मिल मिलमा राहू द्या!"

"मना डोया धोका खातीन का?"

"मंग काढी दखाडा रंग. निंघना नही, तं आजपाईन रंगनं नाव काढानं नही. कबूल?"

विहिणीपुढे "नाही" म्हणणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी रुमाल दुहेरी केला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि पक्ष्याच्या पाठीवरून अंगठ्याने सराईतपणे रगडला. मकाऊने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सुट्टी मागायला गेलेल्या कामगाराकडे शेठ पाहतो, तसं.

रुमाल निळा.

"दखा!" मास्तरांनी तो झेंड्यासारखा वर धरला. बन्सीलाल आईच्या शपथा घ्यायला लागला, प्रवीण "मॅनेजर कुठाय?" म्हणून ओरडायला लागला, आणि प्रमिलाबाई गप्प. अगदी गप्प. लग्नाच्या मांडवापासून मास्तर या शांततेची वाट पाहत होते.

चंचलने मात्र आडवा धरलेला हात खाली घेतला. कापड सोडून टाकलं.

"नकली छे? मने नथी जोइतो," ती शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, नकली असेल तर नकोच, आणि उज्ज्वलाच्या पदराआड जाऊन उभी राहिली. रडली नाही. वाढदिवसाला रडायचं नाही, असं आईने घरूनच बजावलं होतं.

मास्तर रुमालाची घडी घालू लागले आणि थांबले. डाग होता तो अंगठ्याच्या बाजूला. पिसांना लागलेली बाजू कोरी पांढरी. त्यांनी हळूच अंगठा ओला करून दुसऱ्या कोपऱ्यावर टेकवला. तिथेही निळा ठसा उमटला. सकाळपासून मिलमध्ये फिरोजी रंगाचा घाणा चालू होता, आणि हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा कुठे धुतल्या जातात?

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रुमाल खिशात घातला की विषय संपला. विहीण अजून गप्पच होती. मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहून घेतलं, पोटभर. मग पदराआडून दिसणाऱ्या वेणीकडे पाहिलं.

"चंचल, आठे ये," ते म्हणाले. "हाऊ रंग मना शे. पोपटना नही." आणि त्यांनी सगळ्यांसमोर अंगठा पुढे केला.

प्रमिलाबाई अशा हसल्या, की इतका वेळ पडून असलेल्या इग्वानाने जागा बदलली. चंचल हसली नाही. तिने रुमाल घेतला, आजोबांचा अंगठा स्वतः रगडला, निळा पाहिला. मग रुमालाची कोरी बाजू नीट तपासली. नात शेवटी मास्तरांचीच. खात्री झाल्यावर तिने पुन्हा हात आडवा केला.

मकाऊ चांगलाच जड निघाला. हात झुकला, तिने दुसऱ्या हाताचा टेकू दिला. ओठ दाबून धरले होते, पण हसू बाहेर आलंच. मास्तर कौतुकाने पुढे सरकले.

"नाना, तुम्ही लांब! तुमचा रंग लागेल त्याला."

मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

बागेतून बाहेर पडेपर्यंतही प्रमिलाबाईंना धीर धरवला नाही. फाटकाशीच त्यांनी गल्लीतल्या जयश्रीला फोन लावला. "अवं, ऐक तं! आमचे व्याही पोपटना रंग काढाले गयात, आनि निंघना कोनता? त्यासना सोताना निळा रंग..."

"निळा नही," मास्तर मागून म्हणाले, "फिरोजी."