पायाला सुपं बांधून

मामांना कुठलंही झाड दिसलं की ते आधी त्याच्या बुंध्यावर थाप मारायचे, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. मग निकाल द्यायचे. "जित्तं हाय," किंवा "ह्ये गेलं." पुण्याजवळ भुकूमला आमच्या सोसायटीच्या दारात बिल्डरने आठ परदेशी पाम लावले होते. त्यातले सहा मामांनी कामावर आल्याच्या पहिल्या दिवशीच मृत घोषित केले. "रोज पाणी घालतोय की," सेक्रेटरी म्हणाले. मामा म्हणाले, "घाला. मढ्याला बी आंगूळ घालत्यातच."

ते आमचे वॉचमन. मूळचे मुळशी धरणामागच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरचे. बायको गेल्यावर ते आणि त्यांची शेरडं एवढंच घर उरलं होतं. लेक कॅनडात नर्स. तिला रोज फोनवर बाप दिसायला हवा होता आणि वाड्यावर रेंज नव्हती. म्हणून शेरडं पुतण्याकडे देऊन मामा आमच्या गेटवर, म्हणजे रेंजमध्ये, राहायला आले. सलाम कुणालाच ठोकायचे नाहीत. गाडी ओळखीची असली तर हनुवटी जराशी वर. चेअरमनसाठीसुद्धा तेवढीच.

लेकीच्या बाळंतपणासाठी मामांनी तीन महिन्यांची रजा मागितली तेव्हा कमिटीची खास मीटिंग झाली. चेअरमन आयुष्यात दुबईपलीकडे गेले नव्हते आणि त्यांचा वॉचमन कॅनडाला निघाला होता. रजा मंजूर झाली, पण तोंडं आंबटच राहिली.

मामा डिसेंबरात गेले आणि फेब्रुवारीच्या शेवटी परतले. पुढे मी शाळेतून आले की (मी इंग्रजी शिकवते) ते मला गेटवर थांबवून कॅनडा सांगायचे. तुम्ही असतात तर तुम्हीही भाजीची पिशवी खाली ठेवून ऐकत बसला असतात.

तिकडे पहिले पंधरा दिवस त्यांना काही कामच नव्हतं. नातू झोपायचा, लेक झोपायची, जावई ट्रक घेऊन जायचा. "सोप्यावर ठिवलेल्या उशीगत बसलो व्हतो," मामा म्हणाले. सोळाव्या दिवशी ते खिडकीतून बघत होते, तर शेजारचा म्हातारा खांद्यावर पाइपचं भेंडोळं घेऊन गुडघाभर बर्फातून झाडीत शिरताना दिसला. मामांनी जावयाचा कोट चढवला आणि मागोमाग गेले.

म्हाताऱ्याची मॅपलची शे-दीडशे झाडं होती. तिकडे थंडी सरता सरता या झाडांतून गोड पाणी पाझरतं. खोडाला भोक पाडून तोटी ठोकायची, ते पाणी पाइपाने उतारावरून टाकीत आणायचं आणि आटवून पाक करायचा. पण पाणी सुटण्याआधी, ऐन बर्फात, सगळी लाइन तपासावी लागते. फांद्या पडून पाइप तुटलेले असतात, खारींनी कुरतडलेले असतात.

"झऱ्याचं पानी वाड्यावर आननं आन ह्ये, यकच की," मामा म्हणाले. त्यांचं अर्धं आयुष्य डोंगरातल्या काळ्या पाइपाचा उतार सांभाळण्यात गेलं होतं. तिथे खारीऐवजी वानरं, एवढाच फरक. म्हाताऱ्याच्या लाइनीत सात ठिकाणी पाइप लोंबून झोळ पडला होता. मामांनी बोट दाखवलं. म्हातारा इंग्रजीतून भडकला. मामा मराठीतून भडकले. मग दोघांनी मिळून पाइप ताणला.

"भाषेचं कसं जमलं, मामा?"

"शिव्या कळायच्या. बाकीचं कशाला लागतंय?"

बर्फात पाय रुतू नये म्हणून पायाला रॅकेटसारखी रुंद चौकट बांधतात. मामा तिला सूप म्हणायचे. "पायाला सुपं बांदून चालायचं. बायकू असती तर हसून मेली असती."

पुढे महिनाभर हे रोज चाललं. मग एक दिवस मागच्या उतारावर म्हाताऱ्याचं एक सूप निसटलं. तो कमरेपर्यंत आत गेला आणि त्याचा पाय बर्फाखालच्या ओंडक्यात अडकला. मामा वरच्या लाइनीवर होते. ओरडणं ऐकून ते घसरतच खाली आले.

"लाल त्वांड पांढरं पडलं व्हतं," मामा म्हणाले. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "वढ म्हनून हात करत व्हता. मी न्हाई वढला. बकरू कपारीत आडाकलं तर वढायचं नसतं, पाय मोडतो. आदी खालची जागा मोकळी करायची."

त्यांनी स्वतःचं सूप काढलं आणि त्यानेच बर्फ उपसला. किती वेळ, ते त्यांना सांगता येईना. हातमोजे भिजले, बोटं आपली वाटेनात. शेवटी ओंडका हलला. पाइप वाहायची प्लास्टिकची घसरगाडी होती, तिच्यावर म्हाताऱ्याला घालून मामांनी रस्त्यापर्यंत ओढत आणलं. घोटा मोडला होता, पण पाय वाचला.

उरलेली लाइन मामांनी आणि जावयाने पुरी केली. म्हातारा दारात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून ओरडायला बसायचा. शेवटची तोटी ठोकली आणि चार दिवसांत मामांचं परतीचं विमान होतं. झाडांना अजून थेंबही सुटला नव्हता.

"हात मिळवला त्यानं जाताना. सोडंचना. म्हनलं, आरं, इमान सुटंल माजं."

मार्चमध्ये एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तर मामांनी हातातला फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर वाफच वाफ, आणि तिच्यात एक लाल नाक. म्हाताऱ्याने टाकी दाखवली. काठोकाठ भरली होती.

"काय म्हनतुया?"

"म्हणतायत, तुमच्या लाइनीत कुठेही झोळ नाही. पुढच्या वर्षी या."

"त्याला सांगा, झोळ त्याच्या टकुऱ्यात हाय." मी त्याचं 'थँक यू' असं भाषांतर केलं. म्हातारा खो खो हसला. त्याला मामांचं मूळ वाक्यच कळलं होतं, अशी माझी खात्री आहे.

मे महिन्यात पाकाची बाटली आली. अख्ख्या सोसायटीने चमचा चमचा चाखला. मामा म्हणाले, "काकवीला थंडी वाजली की आशी लागती."

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मामांनी मला थांबवलं. म्हाताऱ्याच्या मुलीचा इंग्रजी मेसेज आला होता. मी आधी तो मनात वाचला, मग मराठीत सांगितला. वडील गेले, झोपेतच. झाडं आम्ही ठेवणार आहोत.

मामांनी फोन माझ्याच हातात राहू दिला. मग म्हणाले, "लिवा तिला. वरली लाइन जानेवारीतच बगून घ्या म्हनावं. आन मागच्या उताराला यकटं कुनी जायाचं न्हाई."

मी लिहिलं. "आणखी काही, मामा?"

त्यांनी नकाराची मान हलवली आणि गेटकडे पाठ करून खुर्चीवर बसले. बाहेर चेअरमनची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. मामा उठले नाहीत. चेअरमननी पुन्हा हॉर्न दाबला, मग काच खाली केली.

पुढच्या होळीनंतर मामा नोकरी सोडून वाड्यावर, आपल्या शेरडांकडे परत गेले, रेंजच्या बाहेर; लेकीला फोन करायला आठवड्यातून एकदा डोंगर उतरतात. नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी मात्र मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि गेट उघडलं.