दादा गेला ती उंच जमीन

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं तेव्हा दादाला लडाखमध्ये काम मिळालं. बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर होते, दादा तिथेच बदली कामगार. संपापासून दोघंही लालबागच्या आमच्या खोलीत बसून. रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराला वेल्डिंग येणारी माणसं हवी होती, आणि दादा ते काम शिवडीच्या एका गोदामात शिकला होता.

"थंडीच ना? गिरणीच्या उकाड्यात जन्म जाण्यापेक्षा बरी," असं म्हणून तो हसत गेला.

पंधरवड्याच्या आत तार आली.

अंत्यसंस्कार तिकडेच झाले. अस्थी घेऊन त्याच्याबरोबरचा परळचा माणूस आला. तो दारातच बसला. आईने आत बोलावलं तरी उठेना.

"ट्रकने थेट वर नेलं आम्हाला," तो म्हणाला. "हवा विरळ, म्हणून नव्या माणसाने आधी काही दिवस नुसतं पडून राहायचं असतं तिथे. गावातली माणसं सांगत होती. मुकादम म्हणाला, झोपायला आणलंय काय तुम्हाला? दुसऱ्या सकाळी कामावर. तुमच्या मुलाला खोकला लागला, मग तोंडाला गुलाबी फेस आला. खाली दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. छातीत पाणी भरलं होतं."

मी तेव्हा कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात त्याला 'दगडांचं शिक्षण' म्हणत. तेरावं झालं आणि एका दुपारी आई तांदूळ निवडता निवडता थांबली.

"गो, तू दगडांचा शिकतंस ना? मग सांग माका. ती जमीन इतकी वर कशी गेली?"

मला वाटलं तिला रडायचं आहे. पण ती खरोखर विचारत होती. मी सांगायला बसले. आपली जमीन एका मोठ्या तुकड्यावर आहे आणि तो उत्तरेला सरकतो. आपल्या आणि उत्तरेकडच्या जमिनीच्या मध्ये समुद्र होता. त्याचा तळ तिकडच्या जमिनीखाली घुसत गेला, त्यातून पाणी सुटलं, त्या पाण्यामुळे वरचा तापलेला दगड वितळला, ज्वालामुखी झाले. समुद्र संपल्यावर आपली जमीन जाऊन भिडली. ती हलकी, सहज बुडेना. तिकडची जमीन दाबली गेली, दुप्पट जाड झाली.

"म्हणून वर?"

"थोडी म्हणून. आणि थोडी उष्णतेमुळे. जाड झालेली जमीन आतून तापते, मऊ पडते, पसरते. म्हणून तिथे नुसता डोंगर नाही, सपाट पठार आहे. काही जण म्हणतात, तिच्या बुडाला थंड, जड दगड होता, तो सुटून खाली गेला. त्याच्या जागी तापलेला, हलका दगड आला आणि सगळंच वर उचललं गेलं."

आई मालवणची, खाडीकाठची. ती म्हणाली, "होडीतला ओझा काढला की होडी वर येता, तसा."

"तसंच."

"म्हणजे कोणी मुद्दाम केला नाय."

"नाही. कोट्यवधी वर्षं लागली त्याला."

बाबा खिडकीशी होते. "जमिनीने नाही केलं," ते म्हणाले, "मुकादमाने केलं." त्यांनी शर्ट चढवला आणि दादरला ठेकेदाराच्या कचेरीत जाब विचारायला गेले. तिथला कारकून म्हणाला, तुमचा मुलगा आमचा माणूसच नव्हता, मुकादमाचा होता. मुकादम अजून लडाखमध्येच होता. दुसऱ्यांदा मी बरोबर गेले. मी दम खाऊन, नीट शब्द जुळवून, उंचीवर माणसाच्या छातीचं काय होतं ते सांगितलं. कारकुनाने पंखा वाढवला आणि म्हणाला, "ताई, मला पटतंय. पण मी काय करू?" तिसऱ्या खेपेला कचेरीला कुलूप होतं, पाटीही काढलेली.

पुढचं शिक्षण मी घेतलं नाही. गिरगावातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. ठाकूरद्वारला एका दुकानावर ते राखणदार झाले.

आईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. बाबा मात्र म्हातारपणी विचारू लागले, बहुतेक जेवताना, आधी कधी विचारलंच नसल्यासारखे.

"ती जमीन अजून वर जाते काय गं?"

"कडेचे डोंगर जातात, बाबा. मधली जमीन आतून मऊ आहे. ती स्वतःच्याच वजनाने बाजूला पसरते, हळूहळू खाली बसते म्हणतात."

"किती हळू?"

"आपल्याला दिसणार नाही इतकी."

ते मान हलवायचे आणि भात कालवायला घ्यायचे.