स्टेजवर गर्दी करू नका

फोटोग्राफर लग्नात नेहमी शेवटच्या पंगतीला जेवतो. तोपर्यंत जिलेबीचा पाक उरलेला असतो, जिलेबी नसते. मठ्ठ्याच्या पिंपात नुसती कोथिंबीर तरंगत असते. पण त्या पंगतीला मांडववाला, बँडवाला, लाइटवाला सगळे मांडीला मांडी लावून बसतात आणि दिवसभर दाबून ठेवलेलं बाहेर येतं. कुठल्या मामानं कशावरून तमाशा केला, कुठल्या आत्यानं हॉलच्या मॅनेजरला रडवलं. सीझन संपेपर्यंत आपलं वजन घटलेलं असतं आणि किस्से मात्र पोटात मावत नाहीत.

माझे किस्से त्या दुष्काळी वर्षांतले आहेत. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की लोक ऑफिसला उशिरा जायचे आणि साहेब ते कारण मान्य करायचे. त्याच वर्षांत बीड बायपासला एकामागून एक नवीन ‘लॉन्स’ उघडत होती. नाव लॉन्स, आत गवताची काडी नाही. हिरवं कार्पेट अंथरायचं आणि कडेला प्लास्टिकची फुलं. मुलीचे वडील मला हमखास सांगायचे, "मॅडम, ते हिरवं जरा येऊ द्या फोटोत."

टीव्ही सेंटरला माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. मामा रोलच्या काळापासून या धंद्यात आहे, आणि तो काळ संपला हे त्याला अजून कोणी कळवलेलं नाही. मी मास कॉमची डिग्री घेऊन त्याच्याकडे लागले तेव्हा त्याने कामाची वाटणी केली. स्टेज त्याचं, लेडीज साइड माझी. म्हणजे मेंदी, नवरीचा मेकअप, ओटी भरणं आणि रुसलेल्या आत्या. "बाईमाणूस स्टेजवर कॅमेरा घेऊन नाचतंय, बरं दिसत नाही," हे त्याचं शास्त्र.

मी खूप भांडले. शेवटी मामाने अट घातली. या सीझनभरात एखाद्या घरच्या कर्त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं, की स्टेजवर ही मुलगी पाहिजे. तसं झालं तर स्टेज माझं. नाही झालं तर मी काउंटरवर बसून पासपोर्ट साइज काढायचे आणि आई दाखवील ते स्थळ बघायचं. आईने ही अट इतक्या आनंदाने मान्य केली, की अट तिचीच असावी. होतीच म्हणा.

*

सीझनचं पहिलं काम प्री-वेडिंगचं होतं. नवरा मुलगा पुण्यात आयटीत. त्याला पावसात भिजतानाचा फोटो हवा होता. सगळा जिल्हा टँकरवर, आणि याला पाऊस हवा. मामा म्हणाला, असली थेरं मला जमत नाहीत, तू जा. म्हणून गेले.

शेंद्र्याकडे एक नवीन प्लॉटिंग होतं. मोठी कमान, गुळगुळीत रस्ता, आत एकही घर नाही. तिथे त्या मुलाने टँकर मागवला. टँकरवाला पाइप घेऊन वर चढला आणि मला विचारू लागला, "मॅडम, गिराऊं क्या नक्को?" मी हो म्हणणार एवढ्यात पलीकडच्या वस्तीतून बाया आल्या. डोक्यावर, कमरेवर हंडे. टँकर दिसला की तो आपलाच, असं समजायची सवय झालेली.

नवरा मुलगा वैतागला. हे पाणी प्यायचं नाही, शूटिंगचं आहे, असं त्याने त्यांना इंग्रजी मिसळून समजावलं. त्यातली एक पोक्त बाई शांतपणे म्हणाली, "पडू द्या की तुमचा पाऊस. आम्ही नुस्ते खाली हंडे ठिवतो."

आणि ठेवले. फोटोत नवरा नवरीच्या कपाळाला कपाळ लावून उभा आहे, पाऊस धो धो पडतोय आणि दोघांच्या भोवती स्टीलचे, पितळेचे, प्लास्टिकचे हंडे रांगेने. त्याने मला सांगितलं की नंतर फोटोतून हंडे काढून टाका. नवरीने त्याच्यासमोरच सांगितलं की एक जरी हंडा काढला तर मी हा फोटो लावणार नाही. वर मामाला फोन करून म्हणाली, "लग्नात स्टेजवर याच ताई हव्यात."

मी पेढे आणायला निघाले होते. मामाने थांबवलं. "नवरी म्हणजे काय कर्ता माणूस असते का?"

*

त्या लग्नात मी लेडीज साइडलाच होते. मामाचं स्टेज बघत होते. मामाच्या अल्बममध्ये हार घालण्याचा फोटो शोधावा लागतो, कारण त्या क्षणी सगळी वडीलधारी मंडळी नवरा-नवरी आणि कॅमेरा यांच्या मधोमध येऊन आशीर्वाद देत असतात. फोटोत येतात पाठी. सफारीच्या पाठी, नेहरू शर्टच्या पाठी, एखाद्या काकांचं चकाकणारं टक्कल. नवरीचा एक कान दिसला तर मामा तो फोटो मोठा करून देतो.

यावर त्याचा उपाय एकच. "हार काढा. पुन्हा घाला." त्या दिवशी त्याने तीनदा हार घालायला लावले आणि तीनदा त्याच काकांचं टक्कल आलं. भटजींनी घाम पुसला आणि मामाला म्हणाले, "आणखी एकदा घातला ना, तर यांचा घटस्फोट इथेच उरकून टाकू."

*

सिडकोतल्या एका रिटायर्ड हेडमास्तरांना पूर्ण कुटुंबाचा फोटो हवा होता. मामा आजारी होता म्हणून मी. सरांनी शाळेत कवायत घेतात तशी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. मग मला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, की थोरल्या जावयाला अगदी कडेला घ्या.

मी विचारलं का. तर बायपासच्या एका प्लॉटवरून जावयाशी बिनसलं होतं. सर म्हणाले, "कडेला असला म्हणजे पुढे सोय राहते."

सोय म्हणजे कात्री. घराघरातले जुने फोटो आठवा. कोणाच्या तरी खांद्यावर एक हात असतो आणि त्या हाताचा मालक फोटोत नसतो.

मी जावयाला कडेला जायला सांगितलं. ते हसले, मागच्या रांगेतून सरळ आत घुसले आणि सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभे राहिले. "मॅडम, मी इथंच बरा. कडेच्यांचं काय होतं ते आम्हाला माहिताय."

आता जावई कापायचा तर सासू जाते. हेडमास्तरांनी कॅमेऱ्याकडे जे बघितलं आहे, ते मी कधी विसरणार नाही. फोटो मात्र सुरेख आला. सरांनी मामाला कळवलं, की पोरगी गुणी आहे पण तिला शिस्त नाही. कर्ता माणूस गेला हातचा.

*

आमच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त चालतात ते स्थळाचे फोटो. आई मुलीला घेऊन येते, मुलगी साडी नेसून येते आणि मुलगी पदर सारखा करायला चेंजिंग रूममध्ये गेली की आई काउंटरवर वाकून म्हणते, "थोडी उजळ करा." मामा इतकं उजळ करतो की मुलगी ट्यूबलाइटमध्ये बसवल्यासारखी दिसते.

त्या सीझनमध्ये आईने माझ्या नकळत माझा फोटो मामाला दिला. मामाने भाचीच्या प्रेमापोटी जीव ओतला. रंग गव्हाळ होता तो दुधाळ झाला, नाक सरळ झालं, हनुवटीवरची खूण गेली. वर मागे धबधबा लावला.

पुढच्या आठवड्यात एक बाई आपल्या मुलाचे फोटो काढायला आल्या. मुलगा खुर्चीत बसला, मी लाइट लावत होते. बाईंनी पर्समधून एक फोटो काढून माझ्यापुढे धरला. "बाळा, ही मुलगी तुमच्याच स्टुडिओतली आहे म्हणे. स्वभावाला कशी आहे गं?"

धबधब्यापुढे मी हसत होते.

मी फोटो नीट निरखून बघितला आणि म्हणाले, "दिसायला चांगली आहे, पण भांडकुदळ आहे हो. मामाशी रोज भांडते." बाईंनी माझे मनापासून आभार मानले. जाताना मुलगा मात्र दारातून वळून माझ्या हनुवटीकडे बघत होता, आणि मग फोटोकडे.

आईने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. तो माझ्या आयुष्यातला अत्यंत सुखाचा आठवडा.

*

खुलताबादकडून एक धनगर आजोबा आले. सगळे त्यांना आबा म्हणत. लाल पागोटं, हातात काठी. सोबत नातू, शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. नातवाला आजोबांचा स्टुडिओत फोटो हवा होता, सोफ्यावर, मागे तोच धबधब्याचा पडदा. चारा नव्हता म्हणून अर्धी मेंढरं विकायची ठरली होती आणि आबा हट्टाला पेटले होते, की ती जायच्या आधी फोटो काढायचा. त्यांच्यासोबत.

नातू लाजून लाल झाला. कंपनीतले लोक काय म्हणतील, आबा इथंच बसा. आबांनी पडद्याकडे काठी केली. "ह्या पान्यानं तहान भागती व्हय?"

मामा म्हणाला, त्याच्या कॅमेऱ्याला ऊन सोसत नाही. मामाच्या कॅमेऱ्याला टक्कल पडलं असणार. मी गेले.

वर डोंगराला मेंढरं एका बाभळीखाली जमली होती. उन्हात मेंढरं काय करतात ते मला त्या दिवशी कळलं. एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालतात आणि गच्च उभी राहतात. म्हणजे फोटोत नुसत्या पाठी. मी आबांना म्हणाले, हे तर आमच्या लग्नाच्या अल्बमसारखंच झालं, तिथंही सगळे पाठच दाखवतात.

आबांनी विचारलं, "मंग तुम्ही काय करता?"

मी म्हणाले, माइकवरून ओरडतो. स्टेजवर गर्दी करू नका म्हणून.

"ऐकत्यात?"

"नाही."

 आबांनी काठी एकदाच दगडावर आपटली आणि जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. ट्र्र्र... आणि शेवटी लांबलेला हाऽ. फार मोठा नव्हता. सगळी डोकी एकदम वर आली. मग मेंढरं डावीकडे सरकली, एकामागून एक, कुठे धक्काबुक्की नाही. मधे मोकळी वाट झाली आणि वाटेच्या तोंडाशी आबा उभे राहिले. एकूण एक मेंढी कॅमेऱ्यात बघत होती. इतकी शिस्त मी हेडमास्तरांच्या घरीसुद्धा बघितली नव्हती.

आबांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो बघितला. मग एका मेंढीवर बोट ठेवून म्हणाले, "ही नाय इकायची."

*

सीझनचं शेवटचं लग्न आबांच्या नातीचं, रेणुकाचं निघालं. बुकिंग नातवाने केलं होतं, मामाशी बोलून. स्टेजवर मामा, लेडीज साइडला मी, नेहमीप्रमाणे. आबांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं आणि मीही तोंड उघडलं नाही. आपण होऊन मागितलेली शिफारस मामा धरणार नाही, हे मला माहीत होतं. आईने दुसऱ्या दिवशीचे पाहुणे आधीच बोलावून ठेवले होते. पोह्यांची तयारीही झाली होती.

बायपासचंच लॉन्स, तेच हिरवं कार्पेट. मंगलाष्टका संपत आल्या तसं स्टेज भरलं. मुलाचे वडील, त्यांचे कंपनीतले साहेब, दोन माजी सरपंच, काका, मावश्या, हातात मोबाइल धरलेली भावकी. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मामा, कॅमेरा डोक्यावर उंच धरून. माइकवाला ओरडत होता, "स्टेजवर गर्दी करू नका, वडीलधाऱ्यांनी सहकार्य करावं." वडीलधाऱ्यांनी सहकार्य म्हणून आणखी चार वडीलधारे वर बोलावले.

अंतरपाट धरलेला होता, पण तो कुठे धरलाय तेच दिसत नव्हतं. मी बायकांमधून वाट काढत स्टेजच्या पायरीवर चढले आणि तिथेच अडकले. पुढे सफारीची भिंत. रेणुकाच्या मुंडावळ्यांचं एक टोक तेवढं अधूनमधून हलत होतं.

आबा खाली पहिल्या रांगेत कोचावर बसले होते. त्यांनी मान डावीकडे करून बघितलं, उजवीकडे करून बघितलं. नात काही दिसेना. मग ते उठले, सावकाश स्टेजपाशी आले, काठी एकदाच स्टेजच्या फळीवर आपटली आणि जीभ टाळूला लावली.

सगळी डोकी एकदम वळली.

मग मुलाचे वडील डावीकडे सरकले. त्यांच्या मागे साहेब. साहेबांच्या मागे दोन्ही माजी सरपंच, काका, मावश्या, मोबाइलवाली पोरं. कोणी कोणाला ढकललं नाही, कोणी कोणाला काही विचारलं नाही. डावीकडच्या पायऱ्यांवरून एकामागून एक सगळे खाली उतरले, मुठीतल्या अक्षता मुठीतच. त्या रांगेत सहावा-सातवा माझा मामा होता, कॅमेरा पोटाशी धरलेला. भटजी पोथीत डोकं घालून होते आणि अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात अडकलेले होते, म्हणून तेवढे राहिले.

वर अंतरपाट, त्याच्या दोन बाजूंना रेणुका आणि तिचा नवरा, हातात हार. आणि सगळं मोकळं.

मीसुद्धा पायरीवरून खाली उतरले होते. कधी उतरले ते मला कळलं नाही.

आबांनी काठी माझ्याकडे केली.

"तू कामून उतरली? तू वर जा."